शुगरची गोळी नको म्हणणारे आईबाबा

टाइप २ मधुमेह दुखत नाही, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. साखर २२० असलेला माणूस सकाळी फिरून येतो, भाजी आणतो, लग्नाच्या पंगतीत बसतो. त्याला त्रास होतो तो गोळीचा, पथ्याचा आणि घरच्यांच्या बोलण्याचा. त्यामुळे ‘मला काही झालेलं नाही’ असं आई म्हणते तेव्हा तिच्या बाजूनं ते खरंच असतं. मग मुलं एकतर ‘पाय कापावा लागेल’ अशी भीती घालतात, नाहीतर ताटावर पहारा बसवतात. भीतीनं चार दिवस गोळी घेतली जाते, पहाऱ्यानं लाडूचा डबा कपाटात लपतो.

त्यापेक्षा एक प्रश्न जास्त कामाचा आहे: नेमकं काय नको आहे? गोळी, सुई, तपासणी, पथ्य, खर्च की डॉक्टरांचं ओरडणं? ज्याला आपण हट्ट म्हणतो, त्याच्यामागे बऱ्याचदा शरीराची एखादी साधी अडचण असते. ती डॉक्टरांपर्यंत पोचतच नाही, कारण दवाखान्यात विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘सगळं ठीक आहे’.

आधी आजाराबद्दलचे तीन गैरसमज

‘रात्री फक्त भाजी खाल्ली, तरी सकाळी १६०. मग पथ्याचा उपयोग काय?’ हा प्रश्न अगदी रास्त आहे. उपाशीपोटीची साखर काल रात्रीच्या ताटापेक्षा यकृतावर जास्त अवलंबून असते. आपण झोपलो की शरीराला साखर पुरवण्याचं काम यकृत करतं आणि इन्सुलिन त्याला आवर घालतं. टाइप २ मध्ये यकृत इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून काही न खाता साखर वाढते. पथ्याचा परिणाम पाहायचा तर जेवणानंतरची साखर बघावी, पहाटेची नव्हे.

‘मी कुठे जाडी आहे?’ याचं उत्तर पुण्यातच सापडतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडे हातपाय काटकुळे आणि चरबी पोटात, यकृताभोवती, असं सर्रास असतं. म्हणून वजनकाट्याइतकीच मोजपट्टी महत्त्वाची: कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर नको.

तिसरा गैरसमज सगळ्यात जास्त नुकसान करतो: ‘एकदा गोळी सुरू झाली की वाढतच जाते, शेवटी इन्सुलिन.’ डोस वाढतो हे खरं, पण तो गोळीमुळे वाढत नाही. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या दीर्घ अभ्यासात (निष्कर्ष १९९८) दिसलं की निदान होतं तेव्हाच स्वादुपिंडाची इन्सुलिन बनवण्याची ताकद जवळपास निम्म्यावर आलेली असते आणि पुढेही हळूहळू घटते. त्याच अभ्यासात साखर सुरुवातीपासून आटोक्यात ठेवणाऱ्यांमध्ये डोळे-किडनीसारखी गुंतागुंत सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाली, आणि तो फायदा दहा वर्षांनंतरही टिकून होता. इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी नाही. शरीरात जे कमी पडतंय तेच बाहेरून देणं, एवढाच त्याचा अर्थ.

गोळी का टाळली जाते

सुरुवात बहुधा मेटफॉर्मिननं होते आणि तक्रारही तिथेच: पोटात ढवळणं, जुलाब, तोंडाला विचित्र चव. ज्या आईला लग्नकार्यात किंवा एसटीत दोनदा पळापळ करावी लागली, ती गोळी बंद करणारच, आणि सांगणारही नाही. उपाय आहेत. गोळी जेवणाच्या मध्ये किंवा जेवण झाल्या झाल्या घ्यायची. डोस ५०० मिलिग्रॅमपासून आठवड्या-आठवड्यानं वाढवून घ्यायचा. तरी जमलं नाही तर डॉक्टरांकडून सावकाश विरघळणारी, म्हणजे नावापुढे एसआर किंवा एक्सआर असलेली गोळी मागायची. ही गोळी कुटून वरणात मिसळायची नाही. कुटली की सावकाश सुटणारं औषध एकदम सुटतं. (आणि चोरून औषध देणं उघडकीला आलं की पुढे घरातल्या कुठल्याच ताटावर त्यांचा विश्वास राहत नाही.) या गोळीचं कवच कधीकधी शौचातून तसंच बाहेर पडलेलं दिसतं. ‘गोळी लागूच पडत नाही’ असा समज त्यातून होतो, पण औषध आतच उतरलेलं असतं.

मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी १२ जीवनसत्त्व अधूनमधून तपासावं. ते कमी झालं की पायाला मुंग्या येतात, आणि ‘शुगरमुळे’ म्हणून खरं कारण राहूनच जातं.

दुसरा प्रकार जास्त धोक्याचा. आपल्याकडे एकाच गोळीत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन असं मिश्रण फार चालतं. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांपैकी एखादं नाव दिसलं तर ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, समोर जेवण असो वा नसो. गोळी घेऊन पूजा लांबली, जेवण दोन वाजता झालं, की घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. हे दोनदा अनुभवलेला माणूस मनाशी दोन निष्कर्ष काढतो: गोळीनं मला चक्कर येते, आणि गोड खाल्लं की बरं वाटतं. दोन्ही बरोबर आहेत! म्हणजे घरच्यांना दिसणारं ‘गोळी चुकवणं आणि चोरून पेढा खाणं’ हा प्रत्यक्षात साखर उतरण्यावरचा घरगुती उपाय असू शकतो. अशा वेळी उपदेश करण्यापेक्षा डॉक्टरांना चक्कर आल्याची वेळ आणि मीटरवरचा आकडा सांगा. डोस कमी करता येतो, किंवा सिटाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिनसारखी, एकटी घेतली तर साखर फारशी खाली न नेणारी गोळी देता येते. वयस्कर माणसाला ग्लिबेनक्लामाइड चालू असेल तर ती बदलण्याबद्दल विचाराच.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदय आणि किडनीला त्यांचा फायदा आहे. पण लघवी वाढते, म्हणून प्रवासाच्या दिवशी गोळी गुपचूप वगळली जाते. गुप्तांगाला बुरशीची खाज सुटते, आणि ती आई मुलाला सांगत नाही, बाबा कुणालाच सांगत नाहीत. सकाळी गोळी घेणं, लघवीनंतर पाण्यानं धुऊन कोरडं करणं आणि खाज सुटलीच तर साधं मलम, एवढ्यानं बहुतेकांचं निभावतं. या गोळीवर असताना लघवीच्या तपासणीत साखर दिसणारच, त्याची धास्ती नको. उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर मात्र मीटरवर साखर १८० दिसली तरी दवाखाना गाठायचा, कारण या औषधांवर साखर फार न वाढताही रक्तात आम्लं साठू शकतात.

इन्सुलिनला नकार असतो तो दुखण्याच्या भीतीनं. ४ मिलिमीटरच्या सुईनं खरोखर फारसं दुखत नाही. दुखतं ते एकच सुई दहा-बारा वेळा वापरल्यानं, फ्रिजमधून काढलेलं गार औषध लगेच टोचल्यानं आणि रोज त्याच जागी टोचल्यानं. एकाच जागी टोचत राहिलं की तिथे कातडीखाली गाठ होते. तिथे दुखत नाही, म्हणून माणूस मुद्दाम तिथेच टोचतो, आणि औषध कधी शोषलं जातं तर कधी नाही. साखर आज ९० तर उद्या २८० असं होत असेल तर डोस वाढवून घेण्याआधी पोटावर आणि मांडीवर बोटं फिरवून बघा. दुधाळ दिसणारं इन्सुलिन टोचण्याआधी पेन तळहातांत दहा वेळा घोळवून दहा वेळा वर-खाली करायचं, आणि टोचल्यावर दहा आकडे मोजून मगच सुई बाहेर काढायची.

एक चूक जिवावर बेतू शकते. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन दोन ताकदीचं मिळतं, मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. १०० चं औषध लाल सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात २० नव्हे, ५० युनिट जातात. उलट झालं तर फक्त ८. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दरवेळी जुळवून बघायचा, मेडिकलवाल्यानं ‘तेच आहे’ म्हटलं तरी.

खर्च हेही कारण असतं, आणि मुलांवर भार नको म्हणून ते बोललं जात नाही. दिवसाआड घेतलेली गोळी दिसली तर आधी बिलं बघा. जनऔषधी केंद्रात हीच औषधं बरीच स्वस्त मिळतात. फक्त गोळीचा रंग-आकार बदलतो. जुनी आणि नवी, दोन्ही घेतल्या जाऊ नयेत म्हणून जुनं पाकीट घरातून काढून टाका.

तुम्ही दुसऱ्या गावी किंवा परदेशात असाल, तर फोनवर ‘गोळी घेतलीस का?’ विचारून काही कळत नाही. ‘पाकिटात किती उरल्या?’ विचारा, आणि हिशेब नवीन गोळ्या मागवण्यासाठी आहे असं सांगा.

ताटात काय बदलायचं

ज्वारीची भाकरी शुगरला चांगली, हे अर्धसत्य आहे. पोळी साधारण ३० ग्रॅम कणकेची, म्हणजे २० ग्रॅम कर्बोदकं. भाकरीला ७० ग्रॅम पीठ सहज लागतं, म्हणजे जवळपास ५० ग्रॅम. दोन भाकऱ्या खाल्ल्या तर पाच पोळ्या झाल्या. वाटीभर भातात ३० ते ४० ग्रॅम. चार मारी बिस्किटं म्हणजे जवळपास एक पोळी. गूळ, मध, खडीसाखर यांनी साखर साखरेसारखीच वाढते. ‘शुगर फ्री’ मिठाईत खवा आणि मैदा असतोच.

सगळं एकदम बंद करू नका. पहिला बदल चहाचा, कारण तो दिसतही नाही. दिवसाला चार कप आणि कपाला दोन चमचे म्हणजे ४० ग्रॅम साखर. दर पंधरा दिवसांनी कपामागे अर्धा चमचा कमी करा, आणि घरातल्या सगळ्यांच्याच चहात. आईला बिनसाखरेचा आणि बाकीच्यांना गोड, असं झालं की ती स्वयंपाकघरात दुसरा कप करून घेते.

दुसरा बदल क्रमाचा. आधी कोशिंबीर, भाजी, उसळ किंवा अंडं-मासळी, आणि पोळी-भात शेवटी. तेच जेवण या क्रमानं खाल्लं तर नंतरची साखर कमी चढते. जेवून लगेच आडवं होण्याऐवजी दहा-पंधरा मिनिटं अंगणात किंवा गच्चीवर चालणं, हे सकाळच्या एकाच फेरीइतकं महत्त्वाचं आहे आणि गुडघे दुखणाऱ्यांना जास्त सोपं. मटकीची उसळ, पिठलं, ताक, घट्ट वरण ताटात वाढलं की पोळी आपोआप कमी होते. किडनीचा त्रास असेल तर प्रथिनं किती, हे मात्र डॉक्टरांना विचारून ठरवा.

उपवास हा नाजूक विषय, आणि तो सोडायला सांगून फायदा नाही. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. बशीभर खिचडीत ५५-६० ग्रॅम कर्बोदकं येतात, तीन पोळ्यांइतकी. त्याऐवजी राजगिऱ्याचं थालीपीठ, दही, काकडी, शेंगदाण्याची आमटी आणि थोडी भगर. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर निर्जळी एकादशी किंवा सध्या गाजणारं ‘दिवसातून दोनदाच जेवण’ डोस बदलून घेतल्याशिवाय करू नये. आंब्याच्या दिवसांत अर्धा-एक हापूस पोळीच्या बदली चालेल. वाटीभर आमरसात दीड-दोन आंबे जातात आणि त्यावर पुऱ्या, गडबड तिथे होते.

मशीन त्यांच्याच हातात द्या

ग्लुकोमीटर पहारेकऱ्यासारखा वापरला की ते बोट पुढे करत नाहीत. तो त्यांचं म्हणणं तपासायला द्या. ‘भाकरीनं माझी शुगर वाढत नाही’, ठीक. भाकरीआधी एकदा मोजा, पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा मोजा. दुसऱ्या दिवशी एक भाकरी आणि वाटीभर उसळ घेऊन तेच करा. सांगून न पटणारी गोष्ट स्वतःच्या दोन आकड्यांनी पटते. बहुतेकांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत ही मर्यादा धरतात.

मोजण्याआधी साबणानं हात धुवा. आंबा चिरलेल्या बोटावर ४०-५० आकडे फुकट वाढतात. टोचायचं बोटाच्या कडेला, टोकाला नको. पट्ट्यांची डबी उघडी राहिली तर पट्ट्या दमट होतात. चांगल्या मीटरलाही १५ टक्क्यांपर्यंत चूक मान्य असते, म्हणून १४० आणि १५५ मध्ये वाढ शोधू नका.

एचबीएवनसी ही साधारण तीन महिन्यांची सरासरी. ७ म्हणजे सरासरी १५४, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२. लोहाची कमतरता असली तर हा आकडा खोटा वाढलेला येऊ शकतो, रक्त चढवलं असेल तर भलताच. घरचे आकडे आणि हा आकडा जुळत नसतील तर हिमोग्लोबिन बघा.

आकडा किती खाली आणायचा, यावरून घरात उगाच भांडणं होतात. धडधाकट साठीच्या माणसाला ७ ते ७.५ ठीक. हृदयविकार, विसरभोळेपणा, वारंवार तोल जाणं असेल तर ८ पर्यंत समाधान मानतात. अमेरिका-कॅनडातल्या अॅकॉर्ड अभ्यासात हृदयाचा धोका असलेल्या मध्यमवयीन आणि वयस्कर लोकांची एचबीएवनसी औषधांच्या जोरावर ६ च्या खाली आणायचा प्रयत्न केला, तेव्हा मृत्यू वाढले आणि २००८ मध्ये तो गट थांबवावा लागला. पंच्याहत्तरीच्या बाबांचा आकडा ७.६ असेल तर त्यांचा लाडू खुशाल दुर्लक्षित करा.

साखर उतरली तर

७० च्या खाली गेलं, किंवा मशीन जवळ नसताना घाम, थरथर, अचानक चिडचिड, असंबद्ध बोलणं दिसलं, तर तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात ढवळून द्या. पंधरा मिनिटांनी मोजा, कमीच असेल तर पुन्हा तेवढंच. सुधारलं की थोडं खायला द्या. पेढा, चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर उशिरा चढते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही शुगरची गोळी चालू असेल तर घरातली साखर लवकर काम करत नाही, ग्लुकोजच लागतं. म्हणून पुडी घरात आणि पर्समध्ये ठेवावी. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवून १०८ ला फोन. ग्लिमेपिराइडमुळे उतरलेली साखर वर आल्यावर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, त्यामुळे एकदा बरं वाटलं तरी त्या दिवशी डॉक्टरांशी बोला.

उलट्या-जुलाबांच्या दिवशी मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन तात्पुरत्या थांबवाव्या लागतात, फोन करून विचारा. इन्सुलिन आपल्या मनानं पूर्ण बंद करू नका.

पाय, डोळे, किडनी

वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा तपासणं, किडनीसाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन, आणि पायाची संवेदना. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलही साखरेइतकेच जपायचे. पाय रोज बघायचे, तळवा आणि बोटांच्या बेचक्या. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा. बेचक्या कोरड्या ठेवा, तिथे क्रीम नको. कुरूप ब्लेडनं कापणं, कॉर्न कॅप लावणं, गरम पाण्याची पिशवी, हे बधिर पायाला घातक. देवळाच्या तापलेल्या फरशीवर भाजलेलं कळत नाही, म्हणून दर्शन सकाळी लवकर, मोजे घालून. वारीला जायचं असेल तर नवे बूट निघायच्या दिवशी घालू नयेत, महिनाभर आधी वापरून घ्यावेत.

दवाखान्यात जाताना

दोघांत आधी ठरवून घ्या: ‘बाबा, डॉक्टरांना मी कुठली गोष्ट सांगू आणि कुठली तुम्ही सांगाल?’ लाडूची तक्रार तिथे करू नका. एकदा केली की पुढच्या वेळी ते एकटेच जातात किंवा जातच नाहीत. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, आयुर्वेदिक चूर्णासकट. काही चूर्णांत स्टेरॉइड किंवा शुगरच्याच गोळ्यांची भेसळ सापडलेली आहे. मग एकच मागणी ठेवा. या वेळी जुलाब होणारी गोळी बदलून मिळावी, किंवा पाचपैकी दुपारची गोळी कमी करता येईल का, एवढंच. दुपारची गोळी सगळ्यात जास्त चुकते.

त्यांची एक अडचण खरोखर सुटली की पुढची सूचना ऐकली जाते, म्हणून आधी सवलत, मग पथ्य. गोळी बदलल्यावर पुढची एचबीएवनसी तीन महिन्यांनी करा. महिन्याभरात केली तर निम्मा हिशेब जुन्याच गोळीचा लागेल, आणि ‘बघ, काही फरक पडला नाही’ हे ऐकावं लागेल.